निवृत्तीनंतर शेअर विकायचा कधी?

शेअर कोणता घ्यावा हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. सोमवारच्या अर्थपुरवण्या, दूरचित्रवाहिन्या, सकाळी फिरायला येणारे जाणकार, सगळे त्यासाठी तयारच असतात. घेतलेला शेअर विकावा कधी, इथे मात्र बोलणं आटतं. पगार चालू असेपर्यंत त्याने फारसं बिघडत नाही; एखादा शेअर चुकला तरी पुढच्या महिन्याचा पगार भर घालतो. पंचेचाळिशीत किंवा पन्नाशीत नोकरी सोडलेल्याला ती सोय नसते. घरखर्चासाठी त्याला काही ना काही विकावंच लागतं आणि उरलेलं पुढची चाळीस वर्षं पुरवायचं असतं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या प्रश्नाच्या अवतीभवती देशात आणि बाहेर बरंच लिहिलं गेलं आहे. त्यात काय ठरलं, काय नुसतंच गृहीत धरलं गेलं आणि काय अजून लोंबकळतं आहे, ते इथे पाहायचं आहे.

प्रश्न आला कुठून

महाराष्ट्रात लवकर निवृत्त होणाऱ्यांच्या दोन पिढ्या दिसतात. पहिली स्वेच्छानिवृत्तीवाल्यांची. २०००-०१मध्ये सरकारी बँकांतून लाखभर कर्मचारी हातात एकरकमी पैसे घेऊन बाहेर पडले. त्याच सुमारास, मार्च २००१मध्ये, केतन पारेख या दलालाच्या घोटाळ्याने बाजार कोसळला आणि जुलैत युनिट ट्रस्टने यूएस-६४ या योजनेतून पैसे परत देणं थांबवलं. पुढे ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी निवृत्त झाले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, २३ मार्चला, सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्क्यांनी पडला.

दुसरी पिढी हिंजवडी, खराडी, ऐरोलीतल्या आयटीवाल्यांची. यांच्याकडे पेन्शन नाही. कंपनीने दिलेले शेअर आहेत आणि पगारातून स्वतः घेतलेले वीस-पंचवीस शेअर आहेत. यांना खुणावणारा आकडा अमेरिकेतून आला. विल्यम बेंगेन या सल्लागाराने १९९४मध्ये १९२६पासूनची अमेरिकी आकडेवारी तपासली. पहिल्या वर्षी पुंजीच्या ४ टक्के रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी ती महागाईइतकी वाढवत नेली, तर पैसे ३० वर्षं पुरतात, असा त्याचा निष्कर्ष. १९९८मध्ये ट्रिनिटी विद्यापीठाच्या तिघा प्राध्यापकांनी तशाच निष्कर्षाला पुष्टी दिली. आपल्याकडची महागाई आणि ४५व्या वर्षीच निवृत्त होणाऱ्याचा लांबलचक काळ धरून इथले अनेक सल्लागार ३ ते साडेतीन टक्के सांगतात.

यात एक गोष्ट सहज निसटते. या हिशेबांत शेअर म्हणजे निर्देशांक, संपूर्ण बाजार. बेंगेनच्या कोष्टकात कुठेही एकटीदुकटी कंपनी नाही. दरवर्षी ४ टक्के काढायचे ते कोणत्या शेअरमधून, हा प्रश्न त्याला पडायचं कारणच नव्हतं. ज्याच्या डिमॅट खात्यात बावीस कंपन्या आहेत, त्याच्यासाठी मात्र खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

क्रमाचा धोका

एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत आहे. पैसे काढणाऱ्याला सरासरी परताव्यापेक्षा परताव्याचा क्रम जास्त छळतो. पहिली पाच-सात वर्षं वाईट गेली, तर पडलेल्या भावात जास्त शेअर विकावे लागतात आणि मग तेजी येते तेव्हा विकलेले शेअर हातात नसतात.

आपल्या बाजारात याची उदाहरणं आहेत. सप्टेंबर १९९४मध्ये सेन्सेक्स ४,६००च्या आसपास होता. एप्रिल २००३मध्ये तो ३,०००च्या खाली होता. साडेआठ वर्षं, तीही महागाई न धरता. जानेवारी २००८मध्ये तो २१ हजारांवर गेला आणि मार्च २००९मध्ये ८,१६०पर्यंत उतरला. नोव्हेंबर २०१०मध्ये २१ हजारांना स्पर्श झाला खरा, पण त्यापलीकडे ठामपणे जायला २०१३ संपत आलं. नव्वदच्या दशकातल्या निवृत्ताला एक आधार होता: बँकेत दोन आकडी व्याज मिळत होतं. आजच्याला तो नाही. शिवाय ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं ८.२ टक्के व्याज हवं तर वय ६० लागतं, निवृत्ती घेतलेल्यांना किमान ५५. कर्मचारी पेन्शन योजनेचं पूर्ण पेन्शन ५८व्या वर्षी. सरकारी आधार वयावर बेतलेले आहेत आणि लवकर निवृत्त झालेला माणूस त्या सगळ्यांच्या अलीकडे उभा असतो.

म्हणून पुष्कळ जण दोन-तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात वेगळा ठेवायला सांगतात. हॅरॉल्ड एव्हेन्स्की या अमेरिकी सल्लागाराने १९८०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. बाजार पडलेला असेल तर त्या गल्ल्यातून खायचं, वर असेल तेव्हा शेअर विकून गल्ला भरायचा. टीकाकारांचं म्हणणं असं की हे मनाच्या समाधानापुरतं आहे. शेअर आणि ठेवी यांचं प्रमाण दरवर्षी नीट जुळवून घेतलं तरी जवळपास तेच साधतं. दोघांचंही खरं असावं. पण रात्री झोप लागणं हीसुद्धा चाळीस वर्षांच्या योजनेत मोजायची गोष्ट आहे. वेड फाऊ आणि मायकल किट्सेस यांनी २०१४मध्ये उलटा वाटणारा विचार मांडला: निवृत्तीच्या सुरुवातीला शेअर कमी ठेवा आणि वय वाढेल तसे वाढवत न्या, कारण धोका सुरुवातीलाच जास्त असतो. आपल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेल्या, वय वाढेल तसे शेअर कमी करण्याच्या रिवाजाशी हे जुळत नाही, आणि यावर अजून वाद आहे.

न विकणारे

एकेका शेअरबद्दल सर्वांत जुनं आणि सर्वांत भारदस्त मत न विकणाऱ्यांचं. फिलिप फिशर यांनी १९५८च्या पुस्तकात विकण्याची तीनच कारणं मान्य केली: मुळात घेतानाच चूक झाली असेल, कंपनी आता पूर्वीची राहिली नसेल, किंवा खूपच चांगली दुसरी संधी समोर असेल. भाव फार वाढला हे त्यांच्या लेखी कारणच नव्हतं. वॉरन बफे याच परंपरेतले. त्यांचे गुरू बेंजामिन ग्रॅहम मात्र या परंपरेतले नव्हते. उतारवयात त्यांनी सांगितलेली पद्धत ५० टक्के नफा झाला की किंवा दोनेक वर्षं उलटली की विकायची होती. गुरू-शिष्यांतच इतकं अंतर आहे हे लक्षात ठेवलं, तर कुठलंही एक मत शास्त्र म्हणून मिरवता येत नाही.

१९८४मध्ये रॉबर्ट कर्बी या अमेरिकी गुंतवणूक व्यवस्थापकांनी आपल्या एका ग्राहक बाईंच्या दिवंगत पतीची हकीकत लिहिली. कर्बी जे जे शेअर घ्यायला सांगत ते हे गृहस्थ घेत, पण विकायचा सल्ला कधीच पाळत नसत. प्रमाणपत्रं नुसती लॉकरमध्ये टाकत. त्यातला एकच शेअर, झेरॉक्सचा, इतका वाढला की बाकीच्यांचं काय झालं हे गौण ठरलं. यावरून निघालेली, शेअर घेऊन विसरून जाण्याची ‘कॉफी कॅन’ कल्पना सौरभ मुखर्जींच्या २०१८च्या पुस्तकाने भारतात सगळीकडे पोचवली.

पुण्याला हे नवं नाही. बजाज ऑटोचे शेअर कपाटात ठेवून विसरलेली घरं इथे आहेत. २००८मध्ये कंपनीची विभागणी झाली, तेव्हा अशा घरांना बजाज ऑटो, बजाज फिनसर्व्ह आणि बजाज होल्डिंग्ज असे तीन कंपन्यांचे शेअर मिळाले. त्यातली फिनसर्व्ह पुढे किती वाढली हे सांगायला नको. विभागणीआधी ‘स्कूटरचे दिवस संपले’ म्हणून विकणाऱ्याचं स्कूटरबद्दलचं निदान चुकलं नव्हतं. फक्त शेअर विकायला नको होता. अर्थात विसरण्याची ही पद्धत आता तशीच्या तशी चालत नाही. १ एप्रिल २०१९पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत आणि सात वर्षं लाभांश उचलला नाही तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे जातात. परत मिळतात, पण त्यासाठी बराच पाठपुरावा करावा लागतो.

विकणारे

विरुद्ध बाजूकडेही नावं कमी नाहीत. ७ जानेवारी २००९ रोजी सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांचं घोटाळ्याची कबुली देणारं पत्र बाहेर आलं आणि त्या शेअरची तीन चतुर्थांशाहून अधिक किंमत एका दिवसात गेली. डीएचएफएलच्या दिवाळखोरी प्रक्रियेत २०२१मध्ये शेअरधारकांच्या हाती शून्य आलं. जेट एअरवेजवर नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा आदेश दिला. सर्वांत बोलका दाखला येस बँकेचा. ५ मार्च २०२० रोजी बँकेवर निर्बंध आले. त्यानंतरच्या पुनर्रचना योजनेत शंभरहून जास्त शेअर असणाऱ्यांचे ७५ टक्के शेअर तीन वर्षांसाठी गोठवले गेले. ‘विकावं का’ हा प्रश्नच मार्च २०२३पर्यंत काढून घेतला गेला. घरखर्च ज्याच्यावर अवलंबून आहे अशा माणसासाठी भाव पडण्यापेक्षाही हे भयंकर.

याच उदाहरणातला एक कमी बोलला गेलेला भाग असा. सेन्सेक्समधून येस बँक डिसेंबर २०१९मध्येच बाहेर गेली होती. निर्देशांक न विकणाऱ्याचा वाटतो, पण तोही विकतच असतो. फक्त आधी ठरवलेल्या नियमाने. ‘मी काही विकत नाही, मी दीर्घकालीन गुंतवणूकदार’ असं म्हणत निर्देशांकाच्या परताव्याचा दाखला देणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

या बाजूचे लोक सहसा मर्यादा ठरवून देतात. कुठलाही एक शेअर एकूण पुंजीच्या १० टक्क्यांपुढे जाऊ द्यायचा नाही, काही जण ५ टक्के म्हणतात. जिथे आयुष्यभर नोकरी केली त्याच कंपनीचे शेअर तर आधी कमी करायचे. यातल्या कुठल्याही टक्केवारीला ठोस पुरावा नाही. ते अनुभवाने पडलेले आकडे आहेत.

हेंड्रिक बेसेमबाइंडर यांचा २०१८चा अभ्यास दोन्ही बाजू वापरतात, म्हणून तो मधेच सांगतो. १९२६ ते २०१६ या काळातल्या जवळपास २६ हजार अमेरिकी शेअरांपैकी निम्म्याहून अधिक शेअरांनी त्यांच्या संपूर्ण आयुष्यात सरकारी अल्पमुदतीच्या रोख्यांइतकाही परतावा दिला नाही. बाजाराने रोख्यांहून जास्त जी संपत्ती निर्माण केली, ती सगळी जेमतेम ४ टक्के कंपन्यांची. न विकणारे म्हणतात, त्या ४ टक्क्यांतला एक जपून ठेवा, तोच सगळं घडवणार. विकणारे म्हणतात, तुमच्याकडचा बहुधा उरलेल्या ९६ टक्क्यांतला आहे. एकाच कोष्टकातून दोन उलट सल्ले निघतात आणि दोन्ही तर्काला धरून आहेत.

मुद्दल न मोडणारे

तिसरं मत लाभांशवाल्यांचं. शेअर विकायचेच नाहीत, लाभांशावर राहायचं. ‘मुद्दलाला हात लावायचा नाही’ या आपल्या संस्काराला ते पटकन पटतं. सिद्धांत विरोधात आहे: मिलर आणि मॉदिग्लियानी यांनी १९६१मध्ये दाखवलं की कर आणि खर्च बाजूला ठेवले तर लाभांश घेणं आणि तेवढ्या रकमेचे शेअर विकणं सारखंच. व्यवहारात आकडा अपुरा पडतो. निफ्टीचा लाभांश भावाच्या दीडेक टक्क्याच्या आत राहतो. ३ टक्के काढायचे तर कोल इंडिया, आयटीसीसारख्या मोजक्या नावांवर भार टाकावा लागतो. एप्रिल २०२०पासून लाभांश घेणाऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो, तेव्हा करातही तो आता खास सवलतीचा राहिलेला नाही.

हात का थरथरतो

मनाच्या भागावर संशोधन सर्वांत पक्कं आहे. हर्श शेफ्रिन आणि मेयर स्टॅटमन यांनी १९८५मध्ये मांडलं की लोक नफ्यातले शेअर घाईने विकतात आणि तोट्यातले धरून बसतात. टेरन्स ओडीन यांनी १९९८मध्ये एका अमेरिकी दलाली संस्थेची दहा हजार खाती तपासून ते सिद्ध केलं. विकून टाकलेल्या नफ्यातल्या शेअरांनी, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा पुढच्या वर्षभरात सरासरी ३.४ टक्के जास्त परतावा दिला. ‘खरेदीभावाला आला की विकून टाकतो’ हे वाक्य दलालाच्या ऑफिसात रोज ऐकू येतं. खरेदीभाव कंपनीला ठाऊक नसतो, हे तेव्हा कोणी बोलत नाही.

निवृत्ताला हा दोष दुप्पट महाग पडतो. त्याला दरवर्षी काहीतरी विकावंच लागतं. दरवर्षी नफ्यातला शेअर विकला, तर दहा वर्षांनी खात्यात फक्त हरलेले उरतात, आणि तेही ‘अजून विकले नाहीत म्हणजे तोटा नाही’ या समजुतीवर.

व्यावसायिकांचं काय? ७८३ संस्थात्मक खात्यांवरचा, २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की फंड व्यवस्थापकांची खरेदी खरोखर कौशल्याची होती, पण विक्री इतकी वाईट की चिठ्ठ्या टाकून शेअर विकले असते तरी बरं झालं असतं. खरेदीसाठी ते कष्ट घेत. विकताना फार वाढलेला किंवा फार पडलेला, म्हणजे डोळ्यांत भरणारा शेअर उचलत. कंपनीचे निकाल जाहीर होतात त्या दिवशीच्या विक्रीत मात्र हा दोष दिसला नाही, कारण तेव्हा पुढ्यात माहिती असते. माझ्या मते या विषयातला हा सर्वांत उपयोगाचा निष्कर्ष आहे. ठरलेल्या तारखेला, सगळ्या शेअरांतून प्रमाणात थोडं थोडं विकणारा निवृत्त आळशी दिसतो, पण तो त्या चिठ्ठ्या टाकणाऱ्याच्या जवळ आहे. वर्षातून एकदा वार्षिक अहवाल समोर ठेवून निर्णय घेणाराही बहुधा बरा. रोज दुपारी साडेतीनला भाव पाहून ठरवणारा या दोघांच्या मागे पडायची शक्यता जास्त.

कर: इथे अमेरिकी सल्ला जपून घ्यावा

ऑक्टोबर २००४ ते मार्च २०१८ या काळात शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता, त्यामुळे विक्रीच्या निर्णयात कर आडवा येत नसे. २०१८च्या अर्थसंकल्पाने तो पुन्हा आणला. ३१ जानेवारी २०१८पर्यंतचा नफा मात्र वगळला. २३ जुलै २०२४पासून वर्षभराहून जास्त ठेवलेल्या शेअरवर सव्वा लाखाच्या पुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के, त्याहून कमी ठेवलेल्यावर २० टक्के.

लवकर निवृत्त झालेल्याला इथे पगारदारापेक्षा फायदा आहे आणि तो अनेकांना माहीत नसतो. दुसरं उत्पन्न नसेल तर निवासी व्यक्तीला न वापरलेली मूळ करमुक्त मर्यादा या नफ्यासमोर धरता येते. नव्या करप्रणालीत २०२५-२६साठी ती ४ लाख आहे. समजा, ४ लाखांचे जुने शेअर १० लाखांना विकले. नफा ६ लाख. त्यातून ४ लाख आणि सव्वा लाख वजा जाता कर लागतो तो ७५ हजारांवर: उपकरासह ९,७५० रुपये. हातात आलेल्या रकमेच्या एक टक्क्याहूनही कमी. पण मुदत ठेवींचं व्याज ४ लाखांवर गेलं की ही जागा भरते. म्हणून विकायचं तर पगार थांबल्यानंतरच्या वर्षांत, हा सल्ला आकड्यांवर टिकतो. दुबई किंवा न्यू जर्सीहून पैसे सांभाळणाऱ्या अनिवासी मराठी माणसाला मूळ मर्यादेची ही वजावट मिळत नाही.

काही बारकावे अमेरिकी पुस्तकांत सापडणार नाहीत. तिथे कोणत्या वेळी घेतलेला लॉट विकायचा ते निवडता येतं. आपल्या डिमॅट खात्यात जो आधी आला तोच आधी विकला गेला असं मानलं जातं. तिथे मृत्यूनंतर वारसाची खरेदी किंमत त्या दिवसाच्या भावाला नव्याने धरली जाते, त्यामुळे ‘मरेपर्यंत विकू नका’ या सल्ल्यामागे करबचत आहे. इथे वारसाला मूळ मालकाचीच खरेदी किंमत मिळते. कर टळत नाही, पुढच्या पिढीवर ढकलला जातो. पत्नीच्या नावे शेअर करून नफा वाटून घेता येत नाही, तो पतीच्याच उत्पन्नात धरला जातो. सज्ञान मुलांना दिले तर तसं होत नाही. तोट्यातला शेअर विकला तर दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून वजा होतो आणि आठ वर्षं पुढे नेता येतो.

अमेरिकी कंपनीत काम केलेल्यांकडे तिकडचे शेअर असतात. त्यांना दीर्घकालीन ठरायला २४ महिने लागतात, सव्वा लाखाची सूट नाही, आणि मृत्यूच्या वेळी तिथली मालमत्ता ६० हजार डॉलरहून जास्त असेल तर अमेरिकेचा वारसा कर लागू शकतो. याबाबत भारत-अमेरिका करार नाही. आढावा घेताना वाचलेल्या मतांपैकी ‘हे आधी विका’ यावर मला सर्वांत कमी मतभेद दिसले.

अजून न सुटलेलं

काही प्रश्नांवर दोन्हीकडे युक्तिवाद आहेत आणि निर्णायक पुरावा नाही. ओडीनपासून पुढचं जवळजवळ सगळं संशोधन एक तर कमावत्या गुंतवणूकदारांचं आहे किंवा मोठ्या संस्थांचं. पैसे काढून खाणाऱ्या, वीसेक शेअर असलेल्या घराला ते जसंच्या तसं लागू करणं ही झेप आहे. दहा टक्क्यांची मर्यादा कडक पाळावी की वाढणाऱ्याला वाढू द्यावं, याचं उत्तर बेसेमबाइंडरच्या आकड्यांतून मिळत नाही. पुंजी खर्चाच्या पन्नासपट असेल तर एका शेअरची चैन परवडते. पंचविसपटीला ती परवडत नाही, एवढंच खात्रीने म्हणता येतं.

सल्लागार ज्यावर सर्वांत कमी लिहितात तो प्रश्न वयाचा आहे. पंचेचाळिसाव्या वर्षी बावीस कंपन्यांचे अहवाल वाचणारा माणूस सत्तराव्या वर्षी ते वाचेल का? बहुतेक घरांत शेअरचा व्यवहार एकच जण पाहतो. तो गेल्यावर विकायची वेळ दुसऱ्यावर येते. डिसेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की शेअरचा नॉमिनी हा मालक ठरत नाही, मालकी वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. म्हणजे शेअर पत्नीच्या खात्यात आले तरी मुलांचा हिस्सा मिटेपर्यंत विक्री अडू शकते. साठीनंतर दरवर्षी थोडे थोडे शेअर विकून ते पैसे निर्देशांक फंडात न्यावेत, असं काही जण यावर सुचवतात. त्यासाठी आज भरावा लागणारा कर आणि उद्या दुसऱ्याला होणारा त्रास यांची तुलना रुपयांत कशी करायची, हे मात्र कुणी मांडलेलं नाही.